बिलात न लावलेला पाव

बंदरावरचं घर,
शनिवार, सकाळ

प्रिय एमना,

माझं अक्षर ओळखून तू आधी पाकीट उलटंपालटं करून बघशील. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तुझं घर माझ्या दारापासून चालत बारा मिनिटांवर आहे. फोन आहे, पाय आहेत, मग म्हाताऱ्याला पत्र कशाला सुचलं, असा संशय तुला यायलाच हवा. शेवटी मुलगी माझी आहेस. कारण आहे. ते मी शेवटी सांगणार आहे, कारण आधी सांगितलं तर पुढचं लिहायचं धैर्य राहणार नाही. तोवर पीठ झाकून ठेव आणि हात पुसून वाच.

दर गुरुवारी सव्वाबाराला मी तुमच्याकडे जेवायला येतो हे तुला माहीतच आहे. कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे पाठ. तिथून स्वयंपाकघराचं दार आणि गल्ला दोन्ही दिसतात. भाजलेली बोय मासळी मागवायची, एवढंच माझं काम. पण मी खुर्ची ओढतो न ओढतो तोच तुमचा वाढपी होस्नी पाव, ऑलिव्ह, तेलातली हरीसा चटणी आणि भाजक्या मिरच्यांची वाटी माझ्यापुढे मांडून मोकळा. मी काय मागितलं होतं? काही नाही. मी म्हणायचो, हे उचल, नाहीतर बिलात लाव. तो म्हणायचा, सगळ्या गावाला हे फुकट आहे, तुम्हालाच काय टोचतं? टोचतंच. एकतीस वर्षं मी नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक होतो. न मागता आलेल्या वाटीमागे काय काय दडलेलं असतं, ते मी बघितलंय. कुणाचं परवान्याचं काम, कुणाचा नासलेला माल, कुणाच्या खोलीतले उंदीर. एवढ्या वर्षांत बिलात न लावलेलं एक ऑलिव्ह मी तोंडात टाकलं नाही. म्हणून होस्नी माझ्यापुरती वेगळी चिठ्ठी करायचा, पाव आणि बाकीचं मिळून आठशे मिलीम, दिनारालाही कमी, आणि ती घेऊन आत गेला की तुमच्याकडे हशा व्हायचा. एकदा त्यात तुझं हसणं ऐकलं. त्या दिवशी मासा अर्धा टाकून निघालो. होस्नीला वाटलं, मासा कच्चा होता.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. मी तुमची तपासणी करत होतो. निवृत्त झालो, पण डोळे निवृत्त झाले नाहीत. ऑलिव्हच्या वाटीत तळाला काडेपेटीतल्या काडीचा अर्धा तुकडा सरकवून ठेवायचो. मग होस्नी टेबल आवरून वाटी आत नेई, आणि मी कॉफी थंड होऊ देत बघत बसायचो, की माझी काडी कुणाच्या टेबलावर उगवते. उरलेला पाव दोन ठिकाणी फाडायचो आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी अंगठा खोल दाबायचो, म्हणजे तो कुणालाही परत वाढता येऊ नये. ही माझी नोकरीतली जुनी सवय. तीन वर्षांत काडी एकदाही परत आली नाही. दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. मला वाटलं, ही माणसं माझ्या अंदाजापेक्षा हुशार आहेत.

आणि त्या पावाचं काय सांगू? लग्नानंतर तू मागच्या अंगणात मातीची भट्टी घातलीस आणि बेकरीचा लांबडा पाव बंद केलास. पहिल्या गुरुवारी तो गोल, जाड पाव मोडला आणि कलौंजीचा वास आला. सोबत थोडी बडीशेप. तुझ्या आईशिवाय असा पाव कुणी केलेला मी खाल्ला नव्हता, आणि ती जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. तुकडा पुन्हा नाकाशी नेला. पुढच्याच क्षणाला शंकेची पाल चुकचुकली, की हा पाव माझ्याचसाठी मांडलाय. तुझ्या आईचा, जलीलाचा हात पुढे करून मला गळाला लावायचंय. असा मी माणूस आहे. आईच्या आठवणीने तू तसा पाव करत असशील, हे साधं उत्तर मला घरी पोहोचल्यावर सुचलं, आणि तेही पटलं नाही.

पण मी फार पुढे आलो. महिन्याभरापूर्वी नूफेलने नवीन मेन्यू छापला आणि त्यात खाली लिहिलं, पाव आणि टेबल, माणशी दोन दिनार. त्या गुरुवारी काय गोंधळ उडाला ते तू आतून ऐकलं असशील. तिजानी मास्तरांनी मेन्यू नाकापाशी धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं आणि विचारलं, की उभ्याने जेवलं तर खुर्चीचे तरी वाचतील का. कुणी म्हणालं, उद्या वाऱ्याचेही लावतील, समुद्र तर समोरच आहे. एक बाई नूफेलला म्हणाली की पावाचे पैसे घेणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही, तुझ्या आजीने ऐकलं असतं तर जोड्याने मारलं असतं. बिचारा जावई कानापर्यंत लाल झाला. पीठ महागलं, निम्मा पाव टेबलावरच पडून राहतो, असं काहीतरी पुटपुटला. अख्ख्या खोलीत एकटा मी त्याच्या बाजूने बोललो. म्हटलं, घ्यायलाच हवेत. फुकट पाव फुकट कधीच नसतो, तो माशाच्या किमतीत लपवलेला असतो. जो पाव खात नाही तोही भरतो, आणि वर आभार मानतो. किंमत लिहिली की निदान कुणी कुणाचं देणं लागत नाही. तिजानी मास्तर म्हणाले, कुणाचं काही देणं लागू नये म्हणून तू जन्मभर जपलास रे शादली. लोक हसले. मीही हसलो, पण ते वाक्य घरापर्यंत माझ्यासोबत आलं.

मग माझं बिल आलं. बोय, पाणी, कॉफी. पाव नाही. होस्नीला बोलावलं. तो म्हणाला, वरून हुकूम आहे. कुणाचा? तो खांदे उडवून गेला. पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. सगळ्या गावाला फुकट होतं तेव्हा मी एकटा पैसे देत होतो, आणि आता सगळं गाव पैसे देतंय तर मी एकटा फुकट! कुठेतरी पाणी मुरत होतं. पदपथावर टेबलं मांडायला नूफेलला परवानगी हवी असेल, असं आधी वाटलं. पण मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता माझ्या शब्दाला नगरपालिकेतला शिपाईसुद्धा विचारत नाही. मग वाटलं, तुझ्या आईच्या नावावरचं हे घर हवं असेल. तुझी आत्या ट्युनिसहून फोनवर म्हणाली, म्हातारा झालास, लेकीला दया येत असेल. एमना, ती रात्र मला सगळ्यात वाईट गेली. लाच मी ओळखतो, तिला कसं परतवायचं ते मला येतं. दयेचं काय करायचं ते मला येत नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक जुना संशय होता, तो आज तुला सांगतो. बारा वर्षांपूर्वी मी तुझ्या सासऱ्यांचं हॉटेल आठ दिवस बंद केलं. टेबलावरचा उरलेला पाव मागे एका टोपलीत जमवलेला मला सापडला होता. गाव म्हणालं, बशीर लोकांना उष्टं वाढतो. तो सगळा उन्हाळा त्यांच्याकडे कुत्रं फिरकलं नाही. असा घाव घातलेल्या माणसाशी कुणी कसं वागेल? पण बशीर रस्त्यात भेटले की छातीवर हात ठेवून सलाम करायचे, जलीला गेली तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या दारात तेच उभे होते, आणि नूफेलने तुला मागणी घातली तेव्हा म्हणाले, शादलीसाहेबांची लेक म्हणजे डोळे मिटून होकार. हा माणूस माझ्यावर चिडत का नाही? मला वाटलं, याचा डाव लांबचा आहे. म्हणून तुझ्या लग्नाला मी आलो तो पाहुण्यासारखा नाही, गिऱ्हाईकासारखा आलो. जेवलो, आणि उठताना वीस दिनारची नोट ताटाखाली सरकवली. ती तुलाच सापडावी असं मनात नव्हतं. तुझ्या मेंदीच्या हातात ती नोट होती आणि तू एवढंच म्हणालीस, "बाबा, माझ्या लग्नातही तुम्ही हिशेब मिटवूनच निघालात?" तेव्हापासून गुरुवारी तू स्वयंपाकघराबाहेर येत नाहीस. चूक माझी आहे हे मला दार ओलांडतानाच कळलं होतं.

परवा चौथा गुरुवार. बिलात पुन्हा पाव नाही. मी दर वेळेसारखे पावाचे दोन दिनारही वेगळे ठेवले, बाहेर पडलो आणि वळसा घालून मागच्या गल्लीत शिरलो. तपासणीला आम्ही नेहमी मागूनच जायचो. तू भट्टीपाशी नव्हतीस. कोळशाच्या पोत्यांपाशी एका खोक्यावर बशीर बसले होते, मांडीवर मोठा वाडगा. लबलाबी खात होते. पावाचे तुकडे, वर हरभऱ्याचा रस्सा, जिरं. शेजारी तीच टोपली. त्यातला वरचा तुकडा मी ओळखला, कारण त्याच्या मध्यभागी माझा अंगठा होता.

त्यांना मला बघून नवल वाटलं नाही. दुसरं खोकं पायाने पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बसा व्याही. नूफेलला आवडत नाही, म्हणून मागे बसून खातो. टाकवत नाही हो पाव. लहानपणी आईने टाकू दिला नाही, आता हात होत नाही." मग माझ्या नजरेचा रोख बघून त्यांनी तो तुकडा उचलला. "तुमच्या टेबलावरचा पाव होस्नी वेगळा आणून देतो मला. तुम्ही दाबून बघता ना, ताजा आहे का? म्हटलं, बापाला लेकीच्या हातचं दाबून बघावंसं वाटणारच." आणि तो तुकडा त्यांनी रश्शात बुडवून तोंडात टाकला. एमना, तीन वर्षं तो माणूस माझं उष्टं खात होता. तुझ्या आईनंतर माझं उष्टं दुसऱ्या कुणी खाल्लेलं नाही.

मी विचारलं, माझ्या बिलात पाव का लावत नाही. ते म्हणाले, "मीच सांगितलंय गल्ल्यावर. पोरगा म्हणतो सगळ्यांना लावायचा, लावू दे, धंदा त्याचा. पण घरच्या माणसाला लावायचा नाही. आणि तुम्ही तर त्या वेळी माझ्यासाठी कागदावर लिहिलं होतं. वरच्या साहेबांनी ऐकलं नाही, त्यात तुमचा काय दोष?" वाडगा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, पोट भरलंय. आणि आलो तसा निघालो.

आता कारण सांगतो. त्या दिवशी, बारा वर्षांपूर्वी, मी टोपली दाखवून बशीरना विचारलं होतं, हे काय. ते म्हणाले होते, "हे मी खातो." एवढंच. माझ्या कागदावर मालकाच्या खुलाशासाठी रकाना होता. पण तपासणी चालू असताना त्यांनी न मागता माझ्यासमोर माशाचं ताट ठेवलं होतं, आणि माझं डोकं फिरलं होतं. हॉटेलचा मालक गिऱ्हाइकांचं उष्टं खातो, अशी थाप मारून हा मला मूर्ख समजतोय, असं वाटलं. त्या रकान्यात मी लिहिलं, मालकास काही सांगायचे नाही. बशीरना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, लिहिलंत ना मी सांगितलं ते? मी मान हलवली आणि त्यांनी अंगठा उमटवला. वरचा कुठलाही साहेब नव्हता, बंद करायचा निर्णय माझाच होता. एवढी वर्षं ते ज्याबद्दल मला मानतात ते मी केलेलंच नाही, आणि त्यांच्या वाडग्यातला घास परवा घेतला असता तर माझ्या आयुष्यातलं ते पहिलं फुकटचं खाणं ठरलं असतं, तेही फसवून मिळवलेलं. तोंडावर सांगायला गेलो तर ते मला वाक्य पुरं करू देणार नाहीत, जाऊ द्या म्हणतील. म्हणून हे पत्र. ते त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाच. त्यांना बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस, मला वाचवण्यासाठी काही घालू नकोस, आणि विशेषतः वीस दिनारची नोट वगळू नकोस. मग गल्ल्यावर काय सांगायचं ते त्यांना ठरवू दे. येत्या गुरुवारी सव्वाबाराला मी येईन आणि वाटीत काडी ठेवणार नाही. बिल आलं की सगळ्यात खालची ओळ बघीन. पाव लावलेला असेल तर दोन दिनार होस्नीच्या हातात देईन, आणि त्यात माझी काही तक्रार नसेल. लावलेला नसेल, तर मागच्या गल्लीने येतो. तिसरं खोकं आणि जास्तीचे दोन वाडगे काढून ठेव, तूही बस.

तुझाच,
बाबा