ओळीतली शेवटची पोरगी

सर, तुमाले जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून आता तुमी मले टोकू शकत नाही. हे पत्र मी वऱ्हाडीतच लिहून राहिली, अन् मुद्दाम लिहून राहिली.

अमरावतीच्या तुमच्या कॉम्प्युटर क्लासात जावास्क्रिप्टमधला ॲरे, म्हणजे नंबर लावलेली यादी, तुमी आमाले उभं करून शिकवत होते. पाच जणांची ओळ, उंच पोट्टा पुढं. पहिल्याचा नंबर शून्य, दुसऱ्याचा एक. मी सगळ्यात बुटकी, माझा चार. तुमी 'पॉप' म्हटलं का ओळीतला शेवटचा निघते, म्हणजे मीच निघते, दाराबाहेर. 'पुश' म्हटलं का शेवटी कोणी नवा जोडल्या जाते. तुमी दरवेळी दुसऱ्याच कोणाले पुश करत होते. मी व्हरांड्यात चपलांच्या ढिगाजवळ उभी, अन् आत माझ्या कॉम्प्युटरवर तोच नवा बसलेला. मोझरीहून एसटीत उभ्यानं येत होती मी, चपला राखायले नाही.

एक दिवस विचारलंच, "सर, काहून मलेच काढता?"

तुमी हसले. "मले-तुले करणाऱ्यांना प्रोग्रामिंग जमत नसतं. आधी बोलायला शीक."

सारा वर्ग खिदळला. त्या दिवशी मनातल्या मनात तुमाले शिव्या घालायले सुरुवात केली, त्या अजून संपल्या नाहीत.

आता मी अकोल्यात शिकवते. "पोट्टेहो, पहिल्याले शून्य म्हणा, लाजू नका," असं आपल्या बोलीतच सांगते, अन् पोरं धडाधड कोड लिहितात. पाहा, जमते का नाही! ओळीची रीत तुमचीच आहे. ती मी सरळ चोरली. "मॅडम, हे तुमाले कोणं शिकवलं?" असं कोणी विचारलं का मी म्हणते, "कोणीच नाही." असं म्हणताना काय गार वाटते जिवाले, काय सांगू.

फक्त ओळीत शेवटी मी सोता उभी राहते. पोरं 'पॉप' ओरडतात, मी बाहेर जाते. मंग आठवणीनं 'पुश' म्हणतात, मी आत येते.

हे पत्र टाकायले तुमचा पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. बाहेर उभी असली का मी पोरांच्या आवाजाची वाट पाहत नाही, सर. तुमच्या आवाजाची पाहते.