‘मले’ काहून काढलं?

प्रिय बाबा,

आज माझ्या एम.ए.च्या सरांचं पत्र आलं, म्हणून लिहिते आहे. तुमची कविता कॉलेजच्या पुस्तकात घेत आहेत. वारस म्हणून माझी सही हवी आहे. सोबत छापील कविता आहे. वर तुमचं नाव आहे. खाली तुम्ही नाही.

तुमच्या वहीत होतं:

मोजे काढले तं कातडं संगं आलं.
मले वाटलं, हा पाय कोनाचा?

सरांनी छापलं:

हिमावर उमटले रक्ताचे पाऊल,
मातृभूमीच्या भाळी टिळा लागला.

अकोल्याच्या त्या समारंभात सरांच्या मासिकाचा अंक हातात पडला, तेव्हा चष्मा पुसून तुम्ही तो दोनदा वाचलात. सर पाठीवर हात ठेवून म्हणाले, “हवालदारसाहेब, सैनिकाच्या कवितेत मोजे शोभत नाहीत.” लोक हसले. तुम्हीही हसलात. का हसलात, बाबा?

परतताना ऑटोत म्हणालात, “सरले मोज्याची लाज काहून वाटते? माह्या तं पायात होते.” मग थोड्या वेळानं, “आन् टिळा कवा लावला वं म्या? बोटं तं वळत नोती.”

त्यानंतर तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. वही कपाटावर गेली. मी ती खाली काढली, तुम्ही गेल्यावर.

वहीत शत्रू एकदाच येतो. बाकी बर्फातल्या चौकीवरची थंडी आहे. रॉकेलच्या शेगडीची काजळी, काळी थुंकी, हातोडीनं फोडलेला कांदा, तीन दिवस न काढलेले मोजे. लहानपणी तुमच्या डाव्या बुटाच्या टोकात मी कापूस भरायची. हिमदंशानं गेलेल्या दोन बोटांची जागा. टिळा कुठेच नव्हता.

आणि पहिला हात माझाच होता. मी एम.ए.ला होते. सरांना द्यायची प्रत मीच लिहिली. ‘कोनाचा’चं ‘कोणाचा’ केलं, ‘मले’चं ‘मला’. तुम्ही विचारलंत, “सुमे, मले काहून काढलं?”

मला तो व्याकरणाचा प्रश्न वाटला. म्हटलं, “छापताना असंच लागते, बाबा.” पुढचं सरांना सोपं गेलं.

दुपारी राजापेठेतल्या माझ्या शिकवणीच्या क्लासमधून त्यांना फोन केला.

“सही देते, सर. वहीत आहे तशी छापा. आणि प्रकाशनाला तुम्ही वाचा.”

“अगं, ती बोली माझ्या तोंडात बसायची नाही.”

“बसवा.”

“सूड घेतेस का?”

“हो.”

मग म्हणाले, “कळवतो.” कळवतील. पुस्तकाची प्रस्तावना त्यांनी तुमच्याच कवितेवर लिहिली आहे. माझ्या सहीशिवाय ती कोणत्या कवितेची प्रस्तावना?

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, जाऊ दे. तुम्ही फार जाऊ दिलंत. मी देणार नाही.

बाबा, मी पहिल्या रांगेत बसेन. मांडीवर वही उघडी असेल. सर ‘मोजे’ म्हणतील, ‘कातडं’ म्हणतील. आणि ‘मले’ म्हणतील. ‘मला’ म्हणाले, तर मी उभी राहीन आणि त्यांना पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावीन. हॉल रिकामा झाला तरी.

तुमची प्रत बिघडवणारी,
सुमी