थिनरच्या खोलीतलं निरांजन

इंदिरानगर, नाशिक
८ ऑक्टोबर २०२५

चि. गंगाधर,

अनेक आशीर्वाद. आमच्या भावजयीची, छायाची, कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, दळण डोक्यावरून आणायचं वय गेलं.

तू माझाही फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केलेल्या बाईचा फोन सख्खा भाऊ कापतो, याला काय म्हणावं? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, राग आला की आवाज चढवू नये, अक्षर सुधारावं. बघ, माझं अक्षर आज किती सुरेख आलंय!

वल्लरी मजेत आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझी मुलगी माझ्याकडे राहते की मी तिच्याकडे, हेच कळेनासं झालंय. देवघराचा पडदा समईजवळ येतो म्हणून तिनं काढून टाकला. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका कपाटात ठेवली म्हणून माझी अशी हजेरी घेतली, की खात्यातल्या साहेबांचीही कधी टाप झाली नव्हती. मी म्हटलं, "अगं, या कपाटासकट म्हातारी झाले मी." तर म्हणते, "नशीब तुझं, आत्या."

आता मुद्द्याचं. मयुरेशनं वल्लरीच्या कारखान्याच्या फाटकातूनच तुला फोन लावला, की तिनं खंडेनवमीची पूजा मोडली, निरांजन फुंकर घालून विझवलं आणि भटजीला, म्हणजे त्याला, हाकललं. तू लगेच खरं मानलंस. अरे, आपल्या चुलतभावाच्या पोराची जीभ तुला ठाऊक नाही? मी तिथे होते. त्या दिवशी घरच्यांनाही बोलावतात, म्हणून नारायणपेठ नेसून अंबडच्या कारखान्यात गेले होते.

तर ऐक. तिथे रंगकाम चालतं. आणि दरवर्षी पूजा कुठे मांडतात? थिनरच्या पिंपांच्या खोलीत! का, तर खोली गार असते आणि देवीचा फोटो पहिल्यापासून तिथेच. पिंपांना झेंडूच्या माळा, समोर रांगोळी, मधोमध तुपानं भरलेलं निरांजन. मला तर इतकं सुंदर वाटलं की मी हात जोडले. वल्लरी मात्र पांढरीफटक. तिच्या एमएस्सीच्या प्रयोगशाळेत काय झालं होतं, आठवतं? ॲसिटोन टेबलाच्या या टोकाला, बर्नर त्या टोकाला; वाफ सरपटत गेली आणि मैत्रिणीची बाही पेटली. तिच्या नोकरीचे पेढे वाटून झाल्यावर तू विचारलंस ना, एवढी केमिस्ट्री शिकून कारखान्यात हेल्मेट घालून कशाला फिरायचं? त्या बाहीमुळे, गंगाधर. सुरक्षेची पदविका तिनं त्या बाहीमुळे केली.

सहादू म्हणून जुने फोरमन आहेत. ते म्हणाले, "ताई, इतकी वर्षं हितंच लावतो आपण. देवी राखते."

"राखते ना, काका. मग तिच्यासमोर काडी कशाला ओढायची? बाहेर अंगणात मांडू."

सगळे हसले. मयुरेश सोडून. "मांडलेली पूजा हलवायची नसते," म्हणून त्यानं पिशवी उचलली आणि स्कूटरला किक मारली. निरांजन तेव्हा पेटलंच नव्हतं. जे पेटलं नाही ते विझेल कसं, हे तरी विचारायचंस त्याला!

मग काय सांगू तुला. वरात निघाली, वरात! कोणी फोटो, कोणी पाट, कोणी केळीचे खुंट, सगळं फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली. यंत्रं काही उचलता येईनात, म्हणून प्रत्येकानं आपापलं हत्यार आणलं. पाने, पकडी, रंग फवारायची बंदूक. वल्लरीनं आपलं हेल्मेट ठेवलं, त्यालाही कुंकू लागलं. भटजी नाही, तर सहादू म्हणतात, "ताई, तुम्ही त्र्यंबकच्या गुरुजींची लेक ना? होऊन जाऊ द्या की."

आणि ती बसली पाटावर. गंगाधर, आवाज तुझा. खणखणीत उच्चार तुझे. तू पाठशाळेतल्या मुलांना शिकवायचास, तेव्हा ही दारात बसून शेंगा खायची. आपल्याला वाटायचं, नुसती खाते आहे.

मंत्रपुष्पाला अडकली.

हे लिहायचं नाही, असं तिनं बजावलंय. पण लिहिते. सगळे हातात फुलं घेऊन उभे, आणि तिनं पाटावरूनच तुला फोन लावला. तू कापलास. पुन्हा लावला. पुन्हा कापलास. तुला वाटलं, सारवासारव करायला करते आहे. अरे वेड्या, तिला पुढची ओळ हवी होती.

तिनं डोळे पुसले, मिटले, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. तुझ्यासारखंच डोकं हलवत, वेगात. त्या वेगात ओळ आपोआप आली. फुलं उधळली, ढोल वाजला, आणि मी या गुडघ्यांसकट नाचले. जिलब्या किती खाल्ल्या ते विचारू नकोस.

आता लक्ष्मीपूजनाला त्यांना गुरुजी हवेत. सहादू म्हणाले, "ताईंच्या वडिलांनाच आणा. पण पूजा ताई दावतील तिथंच हां!" वल्लरी स्वतः विचारणार नाही; हट्ट कोणाचा घेतलाय ते तुला माहीत आहे. म्हणून मी विचारते. येशील? हेल्मेट मात्र घालावं लागेल, शेंडीवरून.

आधी तिला फोन कर. बोलायला काही सुचलं नाही तर ती ओळच म्हण. तिला ती आता येते, पण तुझ्या तोंडून ऐकायची राहिली आहे.

कोणाचाही फोन कधी न कापलेली,
तुझी अनसूया अक्का