फक्कडघोट चहाची पक्की चौकशी

आदरणीय भावोजी यांस,

सागरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. मालनताईचे गुडघे आता कुरकुरत नसतील आणि तुमची साखर (रक्तातली) आटोक्यात असेल, अशी आशा करतो. इकडे आप्पा, रुचिरा, सानवी आणि म्हैस खुशाल आहेत. मला मात्र एका जागी बसवत नाही, म्हणून हे पत्रसुद्धा कपाटाच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानेच लिहितो आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो’ म्हणतो, आणि या वेळी मला ‘हो’ म्हणायचं नाही.

तुम्ही तुमच्या कंपनीच्या भिवंडीच्या गोदामावर माझ्यासाठी नोकरी बघितलीत, पहिल्या तारखेला हजर हो म्हणालात, हे उपकार मी विसरणार नाही. खुर्ची आहे, पंखा आहे, कुणाशी बोलायचं नाही, दिवसभर गेटकडे बघायचं. भावोजी, मी वेडा होईन. मुंबईची कंपनी बंद पडली आणि शिमग्याला घरी आलो, तेव्हापासून सानवी बाबाच्याच ताटात जेवते. तिला सोडून परत खोलीवर राहणं माझ्याच्याने होणार नाही. आप्पा म्हणतात, “पायाला भिंगरी हाय तुझ्या. येक तारखेच्या आत हितं धंदा उभा कर, नायतर गप गाडी पकड.” म्हणून मी चहाची फ्रँचायझी घ्यायचं ठरवलं.

आता तुम्ही म्हणाल, हा नेहमीसारखी उडी मारणार. (मागची कोंबड्यांची उडी तुमच्या लक्षात असेलच, आमच्या शेजाऱ्यांच्याही आहे.) पण या वेळी चौकशी पक्की केली. आधी ग्रामदेवीला कौल लावला. भागोजी गुरवांनी पाषाणावर कळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं आणि उजवी कळी टपकन पडली, म्हणजे होकार. (डावीही जरा हलली होती, पण ती वाऱ्याने, हे मी भागोजींना पटवून दिलं.) मग ‘फक्कडघोट चहा’ कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, आमच्या बोलण्यावर जाऊ नका, मंगळवारी सकाळी आमच्या रत्नागिरीच्या शाखेत जा आणि गर्दी डोळ्यांनी बघा. इतका प्रामाणिक माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

गेलो. दुकान खच्चून भरलेलं! कोपऱ्यात जागा मिळवली, पेपर तोंडासमोर धरला आणि गुपचूप मोजायला लागलो. एक गिऱ्हाईक आलं की एक शेंगदाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा, अशी माझी पद्धत. (काळजीने मी मधेमधे ते खात होतो, त्यामुळे हिशोब थोडा कच्चा राहिला.) पण बराच वेळ गेला तरी कुणी उठेना. सगळे दाराकडे बघत बसलेले. शेजारचा खेडचा केरू तळहातावर पेनाने रेघा मारत होता. तेवढ्यात समोरच्या मालगुंडच्या आवडाबाई, मासळी विकणाऱ्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “काय रे, तू पन दुकान घ्यायचा म्हनून बघायलाच आलास ना? चा पानचट हाय, पन गर्दी बघ काय हाय!”

मग उलगडा झाला. कंपनीने सगळ्यांनाच गर्दी बघायला पाठवलं होतं आणि गर्दी ती आम्हीच. शिवाय जो तो आपल्या देवाचा उजवा कौल घेऊन आलेला. कुणाचं देवस्थान जास्त जागृत यावर केरूची आणि आवडाबाईंची जुंपली. शेवटी दुकानाचा मालक भावेश याने चमचा आपटून बसलेल्या घशाने विचारलं, “कोनाला खरोखर चा प्यायचा हाय काय?” एकही हात वर झाला नाही. एसटीत खिडकीशी बसून मी रडलो, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

तेव्हा भावोजी, शहाण्या माणसाने फ्रँचायझीच्या वाटेला जाऊ नये. तुमच्या सोसायटीत कुणी विचार करत असेल तर त्याला माझं नाव सांगून आवरा.

आपला,
सागर

ता. क. हे सगळं ऐकून रुचिराने एवढंच विचारलं, “पन ती मानसं रोज येतात काय?” दुसऱ्या दिवशी जाऊन भावेशला विचारलं. रोज येतात, कंपनी रोज नवी पाठवते, आणि बसायचं म्हणून प्रत्येक जण एक कप घेतोच. म्हणजे गिऱ्हाईक बांधलेलं! तेव्हा ते दुकान मीच घेतलं. या चौकशीवाल्यांना उत्तरं देऊन देऊन भावेशचा घसा गेला, मला तर बोलायला माणसंच हवीत. चहा रुचिरा करणार आहे, त्यामुळे एखादा चुकून प्यायलाही येईल.

ता. क. दुसरा. दुकानाच्या बदल्यात मी भावेशला तुमची भिवंडीची नोकरी कबूल केली आहे. कुणाशीही न बोलता बसायचं, हे ऐकूनच त्याचे डोळे भरून आले. कृपया माझं नाव खोडून त्याचं घालावं. आप्पांना हे तुम्हीच सांगावं, तुमचं ते ऐकतात.

ता. क. तिसरा. भावेश या फ्रँचायझीत एकदा पोळला असल्यामुळे नोकरी घेण्याआधी तिची आणि तुमची पक्की चौकशी करणार म्हणतो. मघाशी ज्याने हे पाकीट तुमच्या हातात दिलं, तो तोच. अजून दारातच उभा असेल. त्याला आत घ्या, आठेक दिवस राहील.