गिरणी रिकामी चालते

३ नोव्हेंबर, शुक्रवार

एकदाचा नोकरीला लागलो! सकाळच्या एसटीने जालन्याहून जाफराबाद, तिथून तिघांच्या सीटवर पाचवा होऊन जीपने पुढे, आणि जेवायच्या वेळेला बरोबर केंद्राच्या फाटकात. व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की काहीतरी उदास डोळ्यांपुढे येतं. हे तसं नाही. चहूकडे फुटलेला कापूस, अंगणात कडुनिंब, पत्र्याचा लांब हॉल आणि मागे चक्क पिठाची गिरणी. पट्ट्याचा आवाज ऐकून मला हसूच आलं. जुन्या जालन्यात बाबांची गिरणी होती. मी अभ्यास त्याच आवाजात केला आणि गणितात नापासही त्याच आवाजात झालो.

इथले संचालक अण्णासाहेब निवृत्त मुख्याध्यापक आहेत. हळू बोलतात, सगळ्यांना 'बाळ' म्हणतात. बाबा गेल्यावर वर्षभर मी बाटलीला लागलो होतो, आता दोन वर्षं थेंब घेतलेला नाही, हे मी मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, बाळ, म्हणून तर तुला घेतला. माझं काम दोन गोष्टींचं: पेशंटशी बोलायचं आणि त्यांच्या घरच्यांना समजावायचं.

गिरणी राजानंद चालवतो. तोही इथलाच जुना पेशंट, आता अण्णासाहेबांचा उजवा हात. रविवारी घरचे लोक येतात तेव्हा आपल्या माणसाने दळलेलं पीठ त्यांना पिशवीत भरून देतात. कल्पना मला फार आवडली. एकच गोष्ट खटकली. हॉलच्या दाराला गज आहेत आणि बाहेरचा मेनस्विच आतून हात घातला तर पोचेल इतका जवळ आहे. अण्णासाहेबांना सांगायला हवं, कुणाला तरी शॉक बसायचा.

५ नोव्हेंबर, रविवार

पहिली पालकसभा गाजवली. कोणी पाठ थोपटायला नाही, म्हणून स्वतःच लिहून ठेवतो.

शहागडच्या सुरेखाताई आल्या होत्या. नवरा कारभारी ट्रक चालवायचा, दारूपायी गाडी गेली. दहा दिवसांपूर्वी दाखल केलाय. पहिला महिना भेट नसते, फक्त ऑफिसातून घरी फोन. ताई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "ते फोनवर म्हणून राह्यले का मला घेऊन जाय, इथं मारतेत. मंग म्या काय करू, सर?"

मी त्यांना समजावलं की पहिल्या महिन्यात सगळे हेच सांगतात. मारतात, उपाशी ठेवतात, घेऊन जा. मी स्वतः पीत होतो तेव्हा बायकोला, जान्हवीला, याहून सुरस कथा सांगितल्या होत्या. अशा वेळी वाद घालायचा नाही. "आधी बरे व्हा, मग बोलू," एवढंच म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि पिठाची पिशवी छातीशी धरून निघाल्या. अण्णासाहेब इतके खूश झाले की माझं वाक्य कागदावर छापून प्रत्येक घरी द्यायचं ठरलं. मीही दिवसभर हवेत होतो.

८ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी गिरणीचा आवाज विचित्र येत होता. दाणा पडत असला की आवाज जड आणि दबलेला असतो. आज दगडावर दगड घासत होता. बाबांनी कधी रिकामी गिरणी चालवली नाही, दगड खराब होतात. आम्ही पोरांनी चुकून चालवली तर कानफटात बसायची.

राजानंदला म्हटलं तर तो हसला. "दगडं बदलता येत्यात, सर."

मग एक गोष्ट लक्षात आली. गिरणीवाल्याच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या होतात. राजानंदच्या काळ्याभोर होत्या.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

आज कारभारी माझ्यासमोर बसला. चालताना पाऊल सपाट टेकवत नाही. विचारलं तर न्हाणीत पडलो म्हणाला, आणि दाराशी उभ्या राजानंदकडे बघत राहिला. राजानंद फोन घ्यायला गेला तेवढ्यात हळूच म्हणाला, "सर, गिरणी चालू झाली का कोनाचं काय ऐकू येत न्हाई. आपलंच आपल्याला येत न्हाई."

मग त्याला घरी फोन लावून दिला, स्पीकरवर. घेऊन जा, म्हणाला. पोरांची शपथ घातली. पलीकडून सुरेखाताई रडत रडत म्हणाल्या, "आधी बरे व्हा, मंग बोलू."

कारभारीने रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या नजरेत. राग असता तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. पाडवा

दिवाळीला घरी. जान्हवीने ओवाळलं, केंद्रातून आणलेल्या पिठाच्या पोळ्या केल्या, पीठ किती मऊ आहे म्हणाली. मी पोळी ताटात तशीच ठेवली. ते तिच्या लक्षात आलं. जवळ आली आणि हळूच माझ्या तोंडाचा वास घेतला. मी रागावलो नाही, ती सवय तिला मीच लावली आहे.

तिला काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? डोळ्यांनी काय पाहिलंय मी? नोकरी सोडून इथेच राहावं असं दिवसभर वाटत होतं. पण हॉलमधल्या प्रत्येकाच्या घरी माझं वाक्य पोचलंय. मी असा घरात बसून राहिलो तर ते वाक्य तिथे माझ्याशिवाय काम करत राहील. उद्या परत जातो. एकदा स्वतः बघतो.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

बघितलं.

भरदुपारी गिरणी रिकामी वाजायला लागली तसा मी सरळ आत गेलो. वरच्या नरसाळ्यात एक दाणा नव्हता. कारभारी जमिनीवर, दोघा पेशंटांनी त्याचे पाय बाकाला बांधून धरलेले, आणि राजानंदच्या हातात गिरणीचा जुना पट्टा. कारभारीचं तोंड उघडं होतं. आवाज येत नव्हता.

मी बटण बंद केलं.

गिरणी थांबता थांबता आवाज आला. माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हॉलमधल्यांनी, स्वयंपाकघरातल्यांनी, सगळ्यांनी ऐकला असणार. कोणीही आलं नाही. राजानंद शांतपणे म्हणाला, "चालू करा सर, बाहेर आवाज जाऊन राह्यला." मग त्याने चप्पल काढून स्वतःचा तळपाय दाखवला. जुने, पांढरे पडलेले वळ. "म्या बी असाच बरा झाल्तो."

त्याला ते खरंच वाटतं. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

अण्णासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा मागवला. मी म्हणालो, उद्या कारभारीला घेऊन पोलिसांत जाणार आहे, त्याचे पाय दाखवणार आहे. ते म्हणाले, जा बाळ, जायलाच पाहिजे. झोप लागते का, विचारलं. घरी कळवून ठेवतो म्हणून जान्हवीचा नंबर घेतला.

भला माणूस. त्यांना यातलं काहीच माहीत नसणार.

१८ नोव्हेंबर, शनिवार

खोलीला बाहेरून कडी. मोबाईल नाही. राजानंद खिडकीतून म्हणाला की तुमच्या बॅगेत बाटली सापडली. मी दोन वर्षं — माझी नाही ती. ओरडून सांगितलं. किती ओरडलो. मग लक्षात आलं, सगळे असंच ओरडतात.

१९ नोव्हेंबर, रविवार

जान्हवी आली होती. फाटकाशी तिची निळी ओढणी दिसली. हाक मारली. गिरणी चालू होती.

तिने मला दाखल करायच्या कागदावर सही केली आहे. अण्णासाहेबांनीच सांगितलं, हात जोडून. वही ठेव म्हणाले. लिहिल्याने बरं वाटतं, बाळ.

मला हॉलमध्ये ठेवलंय. शेजारी कारभारी.

२१ नोव्हेंबर

आज मला नेलं.

बाबांच्या गिरणीचा आवाज होता तो. लहानपणी त्या आवाजात झोप लागायची. आता — नको.

पाय टेकवत नाहीत.

२२ नोव्हेंबर

फोन. ठरवलं होतं रडायचं नाही, शांतपणे सांगायचं. जान्हवी, मी प्यायलो नाही. मला मारतात. घेऊन जा.

पलीकडे कागद वाजला. नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, "आधी बरा हो, मग बोलू."

एक शब्द चुकली नाही.

२४ नोव्हेंबर

राजानंद आला. पट्टा शेजारी ठेवून बसला, मित्रासारखा. म्हणाला, पुढच्या वेळी कारभारीचे पाय धरा. फक्त धरायचे. मग अण्णासाहेब तुमच्या मंडळींशी चांगलं बोलतील. राजानंदलाही पहिल्यांदा धरायलाच सांगितलं होतं.

नाही म्हणालो. पट्टा शेजारीच होता. तरी म्हणालो.

कारभारीने ऐकलं. माझ्या हातावर हात ठेवला. "तुमी बटन बंद केल्तं ना, सर. तवा वाटलं, कोनीतरी हाय."

मी त्याला म्हणालो, ते वाक्य माझं होतं. सुरेखाताईंना मीच — तो म्हणाला, माहीत हाय.

२६ नोव्हेंबर, रविवार

कारभारीचा महिना भरला. आज पहिली भेट. बायकोला तळपाय दाखवणार, असं त्याने राजानंदला तोंडावर सांगितलं.

त्याला मागे नेलं.

गजांतून अंगण दिसतं. खुर्च्या. अण्णासाहेब बोलताहेत. पुढे सुरेखाताई, नवी साडी. शेवटच्या रांगेत निळी ओढणी —

गिरणी सुरू झाली. सुरेखाताई हसल्या. त्यांना वाटलं, पीठ.

आधी जड आवाज. आता — दगडावर दगड. रिकामी. अंगणात कोणाला कळत नाही. मला कळतं.

मेनस्विच. सांगायचं राहून गेलं होतं. बरं झालं. हात पोचतो, आत्ताच बघितलं.

खाली ओढला की गिरणी थांबेल, कारभारीचा आवाज अंगणात जाईल. नंतर माझी पाळी. फार भीती वाटते. तरी ओढणार.

सगळे ऐकतील. सुरेखाताई ऐकतील. जान्हवी ऐकेल. माना इकडे वळतील, आणि मग — मीच शिकवलंय त्यांना — दोघी डोळे पुसून म्हणतील, आधी ब—