धरणावरचे कांदेपोहे

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

तुळशीचं लग्न लागलं, आता सगळे माझ्या मागं! आईनं स्थळ आणलंय – सत्यम, बिडकीनजवळच्या कारखान्यात इंजिनिअर. छंद काय, तर 'निसर्ग'. म्हटलं, मग घरी कशाला? पैठणच्या धरणावर, नाथसागरावरच बघू की, पाहुणे पक्षी आलेत. आई कबूल झाली, पण अट घालून: "यालाही नाही म्हणलीस तर ती दुर्बीण कुलपात. दर रविवारी उन्हात हिंडणं बंद. एकतीस वर्षांची घोडी झालीस, लोक हसतात."

लोकांना दुसरा उद्योग नाही!

९ नोव्हेंबर, रविवार

काय ते ध्यान! लालभडक शर्ट, अत्तरात न्हालेला. गाडीचं दार असं आपटलं की काठावरचे सगळे बगळे उडाले. मी तरी काय बोलणार? पक्षी बघायला मळके कपडे घालतात, हे आईला शंभरदा सांगूनही माझ्या अंगावर गुलाबी ओढणी! मांडव चालत आल्यासारखी दिसत होते.

चक्रवाक दाखवले त्याला. नुकतेच उतरलेत, केशरी, उन्हात नुसते पेटल्यासारखे.

"बदकंच ना ही? खायला चालतात का?"

हाच तो निसर्ग!

त्याची आई सतरंजीवर, पाण्याकडं पाठ करून. "पुरणपोळी जमती का गं?" समोर एवढं आभाळ भरलंय आणि बाईंना पुरण दिसतंय.

पोहे वाढता वाढता आमच्या मातोश्रींनी दुर्बीण मागितली. डोळ्यांना लावली ती लावलीच. पोहे निवले तरी परत देईनात. दुसरं काय, बांधावरची सत्यमची नवी गाडी न्याहाळत असणार!

१० नोव्हेंबर

मी नाही म्हणाले. आईनं अट खरी केली. दुर्बीण साड्यांच्या कपाटात, किल्ली कमरेला. संध्याकाळी त्यांचा फोन – मुलगी पसंत! आई म्हणाली, "कळवते आठवड्याभरात." माझ्या 'नाही'ला किंमतच नाही या घरात.

खरं सांगायचं तर भीती वाटतेय. लग्नाची एवढी नाही. ते पाणी पुन्हा दिसणार नाही, याची.

१३ नोव्हेंबर

मी रुसलेय. आई खुशाल गुणगुणतेय. विहीणबाई होणार ना!

१६ नोव्हेंबर, रविवार

उठले तर कपाट उघडं. दुर्बीण नाही. आईही नाही! विकून टाकायला गेली की काय, तिचा नेम नाही.

मघाशी फोन आला. मागं नुसता वारा.

"सायले, झोपलीस व्हय अजून? मी धरणावर हाय, पहिल्या एसटीनं आले पैठणला. त्या लोकांना कळवलं रात्रीच, नाय जमत म्हणून. अगं, ती केशरी बदकं कुठं गेली? त्या दिवशी दगडापाशी लई येळ बघितली मी. ये लवकर. आन् मळके कपडे घालून ये!"