उजेडाची बाजू

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच पत्र कुणाचं ते तुला कळलं असेल. उलट्या बाजूला कललेलं, सांडल्यासारखं अक्षर, असं तूच म्हणायचास. फोन केला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी हूं हूं करते, ही आपली जन्माची सवय. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही. तेव्हा खुर्ची ओढ आणि निवांत बस.

बातमी अशी की मी घरी सुतारकामाची खोली मांडली आहे. आधी पोटभर हसून घे. घराला चिकटून असलेली गाडीची खोली रिकामी केली. गाडी आता बाहेर झाडाखाली असते आणि तुझे मेहुणे रोज सकाळी तिच्यावरची पाखरांची कृपा पुसताना माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांचं राज्यच बुडवलं. खोली लहान आहे. तुझ्या दुकानात अशा तीन खोल्या मावतील. म्हणूनच मी एकही वस्तू आणायच्या आधी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून प्रत्येक वस्तूच्या मापाचा कागद कापला, टेबलाचा, करवतीच्या मशीनचा, फळ्या रचायच्या घोडीचा, आणि ते कागद जमिनीवर अंथरून कितीतरी दिवस सरकवत बसले. मेहुण्यांनी एकदा करवतीवर पाय दिला, म्हणून मी ओरडले. कागदावर पाय दिला म्हणून कुणी ओरडतं का, असं ते शेजाऱ्यांना अजून सांगतात.

करवत कुठे ठेवली असेल सांग बघू? मधोमध. फळी पात्यात शिरताना जेवढी जागा लागते तेवढीच ती पलीकडून बाहेर येतानाही लागते, हे शेंबड्या पोराला कळेल. पण तुझ्या दुकानात करवत भिंतीला पाठ लावून उभी, कारण समोर गिऱ्हाइकांचा सोफा टाकून तुला रुबाब दाखवायचा होता. मग लांब फळी आली की दार सताड उघडायचं आणि फळीचं शेपूट रस्त्यावर. ते शेपूट धरून उभं कोण राहायचं? मी. ऐन विशीतली मी, भर बाजारात, येणाऱ्याजाणाऱ्याला बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणून ओरडत. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी समोरून गेल्या की मी फळीआड तोंड लपवायची. ते मी विसरले असेन असं तुला वाटत असेल, तर तो गैरसमज आत्ताच सोड.

दार मात्र मी दोन झडपांचं करून घेतलं. का, ते तुला चांगलं ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंचं कपाट बनवताना ते दारातून निघायचं नाही, असं मी तुला दोनदा सांगितलं होतं. तू म्हणालास, तू तुझं घासायचं काम बघ. कपाट तयार झालं, पॉलिश झालं, आणि दारात अडकून बसलं. शेवटी दाराची चौकट कापावी लागली. त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास की माप ताईनं घेतलं होतं. ताई म्हणताना तुझा आवाज कसला गोड झाला होता! एरवी तुझ्या तोंडात माझं नाव एकच, डावरी.

आता टेबलाचं सांगते, आणि हे जरा नीट वाच.

बाबांनी तुझं हे दुकान मांडलं तेव्हा टेबल असं लावलं की खिडकी काम करणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल. उजव्या हाताच्या माणसाला तेच बरोबर. आखलेल्या रेषेवर स्वतःच्या हाताची सावली पडत नाही. पण माझा चालता हात डावा. खिडकीतला सगळा उजेड माझ्या हातावर अडायचा आणि रेष अंधारात. मी रेष बघत नव्हते, अंदाजानं करवत मारत होते. काप तिरका जाणारच. हे बाबांना कळलं नाही, मला कळलं नाही आणि तुला तर कळून घ्यायचंच नव्हतं. माझे वाकडे तुकडे तू खिळ्याला टांगून ठेवायचास आणि गिऱ्हाईक चहा घेत असलं की दाखवायचास. हिच्या हाताला डोळेच नाहीत म्हणायचास. लोक हसायचे. मीही हसायची, रे. ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मग तू मला मागच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवलंस, पॉलिश पेपर हातात देऊन. वारा असा फिरायचा की अख्ख्या दुकानाचा भुसा तिथेच येऊन पडायचा. माझी सगळी उमेद त्या स्टुलावर गेली. बाबा गेल्यावर तू म्हणालास की आता घासायलाही माणूस ठेवलाय, तू घरी आराम कर. मी घरी आले आणि इतकी वर्षं मनापासून मानत राहिले की आपल्या हातात काही नाही.

गंमत पुढे आहे. एवढे कागद कापले, एवढी सरकवासरकव केली, पण टेबलाचा कागद मी एकदाही हलवला नाही. खिडकी डावीकडे, टेबल तिच्या शेजारी, बाबांच्या दुकानात होतं तसंच. टेबल असंच लावतात हे आपल्या घरात इतकं मुरलेलं, की दुसरं काही सुचलंच नाही. आणि काप पुन्हा तिरके. खोलीत आम्ही दोघी होतो आणि दोघींचेही तिरके. मी तर पटाशी फेकूनच दिली. मग एका रविवारी मेहुण्यांना स्कूटर आत घ्यायची होती, आणि वाट नव्हती. मी बाहेर गेलेली बघून त्यांनी टेबल सरळ ओढून समोरच्या भिंतीला लावलं. आल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून चहा पीत बसले. दुसऱ्या दिवशी टेबल परत ओढायचा कंटाळा आला, म्हणून तिथेच फळी ठेवली, रेष मारली, करवत चालवली. खिडकी आता उजव्या हाताला होती. रेष लख्ख दिसत होती. काप निघाला तो काटकोनात, गुण्या लावला तर केसभर फट नाही. मी तो तुकडा हातात घेऊन रडले. आनंद झाला म्हणून नाही. तुझ्यावरच्या रागानं रडले.

दोघी म्हणजे कोण, हे तू मघापासून शोधत असशील. खोलीत खुंट्या दोन आहेत, स्टुलं दोन आहेत, आणि टेबलाची उंची माझ्यापेक्षा बोटभर उंच असलेल्या माणसाला धरून केली आहे. तुझी धाकटी लेक, दादा, माझ्यासारखीच डावरी. ती रोज संध्याकाळी पोहायला जाते असं तुला वाटतं. वहिनीला सगळं माहीत आहे, तिच्यावर चिडू नकोस, किंवा चीड, तिला आता सवय आहे. गेल्या उन्हाळ्यात पोरगी माझ्या दारात उभी राहिली, केसांत भुसा. तू तिला टेबलावरून उठवलं होतंस. आत्यावर गेली, हिच्याही हाताला डोळे नाहीत, असं गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होतास. आणि कुठे बसवलंस तिला? मागच्या कोपऱ्यात. त्याच स्टुलावर. माझं जे केलंस ते मी कदाचित पोटात घालूनही टाकलं असतं. पण आपल्या पोरीला त्याच स्टुलावर बसवताना तुझ्या मनात एकदाही काही हललं नाही, तेव्हा मी ठरवलं की याचा वचपा काढायचाच. गाडीची खोली त्याच रात्री रिकामी करायला घेतली.

आता ऐक, पत्र कशासाठी लिहिते आहे ते. तिनं खुर्ची बनवली आहे. एकटीनं, एकही खिळा न ठोकता, नुसत्या सांध्यांवर. डॉक्टरीणबाईंच्या मुलीनं ती बघितली आणि तशाच सहा मागितल्या, तुझ्याकडे न येता आमच्याकडे. पुढच्या महिन्यापासून तुझी लेक तुझ्या दुकानात येणार नाही, इथेच काम करणार आहे. हे तुला मीच सांगणार होते, तोंडावर, चवीनं. पण तिचा एकच हट्ट आहे, की पहिली खुर्ची तिच्या बाबांनी, म्हणजे तू, येऊन बघावी. मी नाही म्हटलं. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा तेच म्हणाली. म्हणून हे आमंत्रण. रविवारी सकाळी ये. तिनं तुझ्यासाठी ती खुर्ची खिडकीशी ठेवली होती. ती गेल्यावर मी खुर्ची उचलून टेबलाशी ठेवली आणि तुझी जागा मागच्या कोपऱ्यात केली, स्टुलावर. भुसा तिथेच पडतो, मुद्दाम तशीच सोय केली आहे. ती एक फळी आखेल, कापेल, आणि तू काही न बोलता बघशील. येताना चष्मा आण. त्या कोपऱ्यात उजेड कमी असतो. तुला माहीत नसेल, तू तिथे कधी बसला नाहीस.

तुझीच,
डावरी